ऑबरजीन ते वांगं: इंग्रजी शब्दाचं मूळ घरबसल्या कसं शोधायचं

कपड्यांच्या ॲपवर साडी बघताना रंगाच्या जागी 'ऑबरजीन' असं लिहिलेलं दिसतं, किंवा लंडनला असलेला भाचा सांगतो की इथं भाजीच्या दुकानात वांग्यांवर ऑबरजीन अशी पाटी असते. शब्द कानाला पक्का फ्रेंच लागतो. पण तो मुळात आपल्याकडून निघालेला आहे आणि तुमच्या-माझ्या तोंडातलं 'वांगं' आणि तो 'ऑबरजीन' एकाच कुळातले आहेत. आता हे मी सांगितलं म्हणून तुम्ही का मानावं? व्हॉट्सॲपवर रोज कोणी ना कोणी पाठवतंच की अमुक इंग्रजी शब्द संस्कृतातून चोरला, आणि त्यातलं बरंचसं कानाला सारखं वाटलं एवढ्यावरच ठोकलेलं असतं. म्हणून इथं पद्धत सांगतोय. जळगाव, धुळं, नंदुरबारात कुठंही बसून मोबाईलवर करता येते, पैसे लागत नाहीत, एक वही मात्र जवळ ठेवा कारण साखळी कागदावर उतरवल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

सगळ्यात आधी शब्द नीट पकडायचा. म्हणजे त्याचं इंग्रजी स्पेलिंग कोशात बघून वहीत उतरवायचं, आणि हा शब्द कोण वापरतं ते बघायचं. वांग्याला इंग्लंडात ऑबरजीन म्हणतात, अमेरिकेत एगप्लांट, आणि आपल्याकडे इंग्रजी मिडीयमची पोरं पुस्तकात ब्रिंजल वाचतात. एकाच भाजीला एकाच भाषेत तीन नावं असली की समजायचं की ती तीन वाटांनी आली असणार. तिन्ही वेगवेगळी शोधायची, एकत्र घोळ करायचा नाही. वहीत तीन कॉलम पाडा.

मग कोश. इंग्रजीसाठी एटिमऑनलाइन नावाची साइट आहे, डग्लस हार्पर यांनी उभी केलेली, फुकट आहे आणि सुरुवातीला तीच बरी. मेरियम-वेब्स्टरच्या साइटवरही शब्दाखाली व्युत्पत्ती, म्हणजे शब्दाचं मूळ, देतात. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश सगळ्यात वजनदार पण त्याची ऑनलाइन आवृत्ती बरीचशी पैसे भरूनच उघडते. विक्शनरी पण उघडा, तिच्यात एका शब्दापासून पुढं कुठल्या कुठल्या भाषेत काय झालं त्याची वंशावळ दिलेली असते, ती फार कामाची, फक्त तिथं कोणीही लिहू शकतं म्हणून तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवायची नाही.

कोशातली ती बारीक ओळ कशी वाचायची हे कोणी शिकवत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. ओळ उलटी वाचायची असते, म्हणजे पहिलं येतं ते सगळ्यात जवळचं आणि शेवटी येतं ते सगळ्यात जुनं. ऑबरजीनची ओळ साधारण अशी: इंग्रजीत १७९४ पासून, फ्रेंच 'ओबर्जीन' वरून, ते कातालान (स्पेनच्या फ्रान्सकडच्या भागातली भाषा) 'अल्बर्जिनिया' वरून, ते अरबी 'अल-बादिंजान' वरून, ते फारसी 'बादिंगान' वरून, आणि ते कुठल्यातरी भारतीय भाषेतून, संस्कृत 'वातिंगण' च्या कुळातलं. मधल्या बारीक खुणा सोडायच्या नाहीत. शब्दाच्या डोक्यावर चांदणी असेल तर तो शब्द कुठंही लिहिलेला सापडलेला नाही, विद्वानांनी अंदाजानं बांधलेला आहे. 'बहुधा' अशा अर्थाचं काही लिहिलं असेल तर ते 'बहुधा' वहीत पण उतरवायचं, आपण पुढं सांगताना तेच गाळतो आणि अंदाजाचं सत्य होऊन बसतं. आणि 'तुलना करा' असं लिहिलं असेल तर तो शब्द मूळ नसतो, नुसता शेजारी असतो.

तो १७९४ आकडा म्हणजे शब्द त्या साली जन्मला असं नाही. छापील किंवा लिखित इंग्रजीत तो पहिल्यांदा सापडला ते साल. बोलण्यात आधीही असेल. उद्या कोणाला १७८० चं पुस्तक मिळालं तर आकडा मागं सरकेल. तुम्हाला स्वतः शोधायचं असेल तर गूगल बुक्स किंवा इंटरनेट आर्काइव्हवर सालाची मर्यादा टाकून सर्च करा, पण एक काळजी घ्या, तिथं पुस्तकांची सालं कधीकधी चुकीची पडलेली असतात, १८९० चं पुस्तक १७९० म्हणून दाखवतात. मुखपृष्ठाचं पान उघडून डोळ्यांनी साल बघितल्याशिवाय काही लिहायचं नाही.

आता कामाची गोष्ट. एका कोशावर कधीच थांबू नका, कोश कितीही मोठा असो. ऑक्सफर्डच्या त्या कोशाची पहिली आवृत्ती १८८४ पासून भागाभागानं निघत १९२८ ला पूर्ण झाली, तेवढं अफाट काम इंग्रजीत दुसरं नाही. त्या पहिल्या आवृत्तीत ऑबरजीनचं मूळ काय दिलं होतं? फ्रेंचमधल्या 'ओबर्ज' वरून, ओबर्ज म्हणजे पीच फळाचा एक प्रकार, आणि ऑबरजीन म्हणजे छोटं पीच. अरबीचा पत्ताच नाही. पुढच्या विद्वानांनी कातालान आणि अरबीची कडी दाखवल्यावर ते मागं पडलं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडे 'पुस्तकात छापलंय' म्हटलं की वाद संपतो. व्युत्पत्तीत तिथून सुरू होतो. दोन कोश वेगळं सांगत असतील तर दोन्ही लिहून ठेवा आणि नंतरचा कोश आधीच्याचं का नाकारतो तेवढं शोधा, तिथंच खरी मजा आहे.

पुढची पायरी म्हणजे प्रत्येक कडीचा आवाज तपासायचा. 'बादिंजान' चं 'अल्बर्जिनिया' झालं म्हणतात, पण असं खरंच होतं का? सुरुवातीचं 'अल' हे अरबी उपपद आहे, इंग्रजी 'द' सारखं, ते स्पेन-पोर्तुगालकडच्या भाषांत शब्दाला चिकटून बसायचं. आपल्या कापसाकडं बघा ना. अरबीत कापूस म्हणजे 'कुत्न'. स्पॅनिशमध्ये तो 'अल्गोदोन' झाला, 'अल' सकट, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'कॉटन' झाला, 'अल' शिवाय. शब्द एकच. साखरेचंही तसंच, आपली शर्करा फारसीत शकर, अरबीत सुक्कर, स्पॅनिशमध्ये चिकटलेल्या उपपदासकट 'अझूकार', इंग्रजीत शुगर. म्हणजे वांग्याच्या नावात कातालानमध्ये 'अल' चिकटलं आणि स्पॅनिश 'बेरेन्खेना' मध्ये नाही चिकटलं, यात काही अडत नाही, ही तिथली नेहमीची रीत आहे.

मग 'द' चा 'र' कसा झाला? इथं पुष्कळ जण अडतात आणि म्हणतात हे ओढूनताणून आहे. तर मोजून बघा: एकादश चं अकरा, द्वादश चं बारा, त्रयोदश चं तेरा, सप्तदश चं सतरा. आपण रोज बाजारात मोजतो त्या आकड्यांत 'द' चा 'र' झालेलाच आहे. दोन्ही आवाज काढताना जीभ जवळपास एकाच जागी लागते म्हणून हे होतं, मराठीत झालं तसं तिकडं झालं. आणि फारसी 'गान' चं अरबी 'जान' का, तर अभिजात अरबीत 'ग' नाही, फारसीतून शब्द घेताना ते 'ग' चा 'ज' करायचे. फारसी गुलाब, म्हणजे गुलाबपाणी, अरबीत जुलाब झालं. तेच औषधी सरबताच्या अर्थानं फिरत फिरत इंग्रजीत 'जूलेप' झालं आणि आपल्याकडे पोट साफ करायचं औषध म्हणून 'जुलाब' झालं. गुलाब आणि जुलाब एकच शब्द आहे हे कळल्यावर मला तरी कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

नियम असा की एकच बदल एकाच शब्दात दाखवून चालत नाही, तसाच बदल दुसऱ्या दोन-तीन शब्दांत दाखवता आला पाहिजे. नाही दाखवता आला तर ती कडी कच्ची धरायची.

नुसता आवाज जुळला म्हणून भुलू नका, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बदनाम मधलं 'बद'. फारसी बद म्हणजे वाईट, इंग्रजी बॅड म्हणजे वाईट, आवाज तोच, अर्थ तोच, आणि नातं काहीच नाही, निव्वळ योगायोग. भाषांमध्ये हजारो शब्द असतात, चार-दोन असे जुळणारच. दुसरा घोळ होतो तो सख्ख्या आणि उसन्या शब्दांचा. नाम आणि नेम, मातृ आणि मदर, नौ आणि नेव्ही यांचं नातं खरं आहे, पण इंग्रजांनी ते आपल्याकडून नेलेले नाहीत, संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजी या तिघींचा फार जुना पूर्वज एक होता त्यामुळं ते आपापल्या घरी आधीपासून आहेत. ऑबरजीन मात्र उसना शब्द आहे, हातोहात गेलेला. ही दोन नाती वहीत वेगळ्या रंगानं लिहा. यातला फरक न कळल्यामुळंच 'सगळं इंग्रजी संस्कृतातून आलं' अशा पोस्टी फिरतात, आणि मग खरोखर आपल्याकडून गेलेल्या शब्दांवर पण लोक विश्वास ठेवेनासे होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आवाजानंतर माणसं बघायची. शब्द हवेतून जात नाही, कोणीतरी तो तोंडातून नेतं, तर कोणी नेला? अरबांचं राज्य स्पेनच्या भागात ७११ पासून सुरू झालं आणि शेवटचं ग्रॅनाडा १४९२ ला पडलं. त्या काळात तिथं वांगं, साखर, नारिंग, कापूस हे सगळं पिकायला लागलं आणि नावं पिकासोबतच गेली. कातालोनिया फ्रान्सला लागूनच, म्हणून तिथून फ्रेंच आणि फ्रेंचमधून इंग्रजी, वाट सरळ आहे.

ब्रिंजलची वाट मला जास्त आवडते. पोर्तुगीजमध्ये वांगं म्हणजे 'बेरिंजेला', हेही त्या अरबी शब्दावरूनच. पोर्तुगीजांनी १५१० ला गोवा घेतलं, आणि त्यांच्या तोंडून हा शब्द इकडच्या इंग्रज व्यापाऱ्यांनी उचलून ब्रिंजल केला, सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो त्यांच्या लिखाणात दिसतो. म्हणजे नाव इथून इराण, अरबस्तान, स्पेन, पोर्तुगाल करत जहाजानं परत इथंच आलं! आणि ज्या काळात हे चाललं होतं तेव्हा सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोठा व्यापारी रस्ता आपल्या खान्देशातून होता, इंग्रजांचा वकील थॉमस रो १६१५ मध्ये बुऱ्हाणपूरला पोचला तो नंदुरबारवरूनच. वांग्याच्या भरतात आपण जी हिरवी मिरची घालतो ती पण पोर्तुगीजांनीच अमेरिकेकडून इकडं आणलेली. भाजी आपली, मिरची त्यांची, आणि भाजीचं इंग्रजी नाव आपलंच पण त्यांच्या हातून परत आलेलं.

ब्रिंजलसारख्या शब्दांसाठी एक खास कोश आहे, हॉब्सन-जॉब्सन, १८८६ चा, यूल आणि बर्नेल या दोघांचा, इंग्रजांच्या तोंडी असलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर तो फुकट आहे. त्यात ब्रिंजलची नोंद जरूर वाचा. अर्थ तोच ठेवून इतकी रूपं बदललेला दुसरा शब्द क्वचितच असेल असं त्यांनी तिथं म्हटलंय आणि ते खरंही आहे, तुर्कीत पात्लिजान, रशियनमध्ये बाक्लाझान, वेस्ट इंडीजमध्ये तर ब्रिंजलचं 'ब्राऊन-जॉली' झालं. इटलीत 'मेलान्झाना' झालं, मग लोकांनी त्यातून 'मेला इन्साना' असा अर्थ काढला, म्हणजे वेड लावणारं सफरचंद, आणि त्यावरून वांगं खाल्लं की वेड लागतं अशी समजूतही चालली. १५९७ च्या एका इंग्रजी वनस्पतिग्रंथात वांग्याला 'मॅड ॲपल' च म्हटलंय. वांग्याचं शास्त्रीय नाव सोलॅनम मेलोंजेना, त्यातलं मेलोंजेना पण याच घरातलं. कृषीच्या पोरांना हे नाव पाठ असतं, ते कुठून आलं ते पण माहीत असू द्या.

न कळणाऱ्या शब्दाला लोक आपल्या ओळखीच्या शब्दात बसवतात, याला लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि ती ओळखता येणं ही या कामातली निम्मी विद्या आहे. इटालियन लोकांनी केलं ते आपणही केलंय. 'वातिंगण' चा अर्थ वात घालवणारं असा सांगतात, नेटवर इंग्रजीत पण हे सगळीकडे पसरलंय. तपासायचं कसं? एक तर संस्कृतात या भाजीची नावं बघा: वातिंगण, वंगन, वार्ताक, वृन्ताक, भण्टाकी. एकाच वस्तूला अशी एकमेकांसारखी पण न जुळणारी रूपं दिसली की शंका घ्यायची की शब्द संस्कृतात बाहेरून आलाय आणि ज्यानं त्यानं ऐकला तसा लिहिलाय. दुसरं, शेजारच्या भाषा बघा: तेलुगूत वंकाय, कन्नडात बदने, जुन्या तमिळमध्ये वळुदुणै. त्यामुळं मूळ शब्द द्राविडी भाषांतला असावा असं बऱ्याच भाषाशास्त्रज्ञांचं मत आहे. म्हणजे वात वगैरे नंतर चिकटवलेलं दिसतं. इथं वहीत 'बहुधा' लिहा, मी वर सांगितलं ते हेच.

मराठी बाजू शोधायला त्याच शिकागोच्या साइटवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७ ची आवृत्ती, आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश पण. सर्च करताना जुनं लेखन टाका, 'वांगं' किंवा 'वांगे' टाकून सापडलं नाही तर 'वांगें' असं शेवटच्या अनुस्वारासकट टाका, पुष्कळ जण इथंच हात टेकतात. टर्नरचा तौलनिक कोशही तिथंच आहे, तो रोमन लिपीत आहे, त्यात संस्कृत रूपाखाली सगळ्या उत्तर भारतीय भाषांची रूपं एकाखाली एक दिलेली असतात, मराठी वांगी आणि हिंदी बैंगन शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

आणि एक गोष्ट कोशात मिळत नाही, ती म्हणजे वस्तू. शब्द ज्या वस्तूला लावला ती वस्तू कशी होती ते बघा. एगप्लांट हे नाव का, असं सगळे विचारतात, कारण आपलं वांगं अंड्यासारखं कुठं दिसतं? इंग्रजांनी अठराव्या शतकात हे नाव दिलं ते पांढऱ्या, छोट्या, हुबेहूब अंड्यासारख्या वांग्याच्या जातीला, मग ते सगळ्याच वांग्यांना लागलं. तसंच रंगवाल्यांचं ऑबरजीन म्हणजे गडद जांभळा, पण जळगाव जिल्ह्यातलं भरताचं वांगं, ज्याला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, ते हिरवं असतं, फिकट हिरव्यावर पांढरे पट्टे, मोठं, वजनदार आणि आत बी कमी. यावल तालुक्यातल्या बामणोदच्या बाजूचं वांगं घ्या, पऱ्हाट्यांच्या किंवा तुराट्यांच्या जाळावर भाजा, साल काळी होऊन सुटायला लागते आणि देठाकडून पाणी फुटतं, मग साल काढून लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचा. चंपाषष्ठीला ज्या भरताचा नैवेद्य होतो त्या भरतात जांभळा रंग कुठंच नाही. हे वांगं बघितलेल्या माणसानं रंगाला ऑबरजीन नाव दिलं असतं तर तो रंग पोपटी झाला असता. म्हणून म्हणतो, नाव देणाऱ्यानं नेमकं काय पाहिलं होतं हे विचारल्याशिवाय व्युत्पत्ती पुरी होत नाही.

शेवटी वहीत साखळी लिहा. डावीकडून उजवीकडे, प्रत्येक रूपाखाली भाषा, माहीत असेल तर साल, आणि वर छोट्या अक्षरात कोणामार्फत गेलं ते: व्यापारी, राज्य, खलाशी. जी कडी एकाच कोशात आहे ती तुटक रेषेनं काढा. जिथं विद्वानांचं एकमत नाही तिथं दोन फांद्या काढा. घरातल्या आजी-आजोबांकडून अहिराणी, तावडी, लेवा गणबोलीतलं रूप विचारून तेही लिहून ठेवा, बोलीतली रूपं छापील कोशात फार कमी आलीत आणि ती विचारून घ्यायला आत्ताच वेळ आहे.

हात बसायला हे शब्द घ्या. 'डंगरी', म्हणजे ते जाड कापडाचे खांद्यावरून पट्टे असलेले कपडे, हे मुंबईच्या डोंगरीशी जोडतात, ते कोश काय म्हणतात आणि 'असं सांगतात' हे शब्द कुठं वापरतात ते बघा. 'मंगूस' घ्या, तो आपल्या मुंगसावरून गेलाय, त्यात पोर्तुगीज मधे येतात का ते तपासा. आणि रावेर-सावद्याकडच्यांनी 'बनाना' घ्याच. अरबीत 'बनान' म्हणजे बोटांची टोकं आणि केळी बोटांसारखी म्हणून ते नाव, अशी गोष्ट नेटवर फार फिरते. कोश मात्र सांगतात की हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांतून स्पॅनिश-पोर्तुगीजमार्गे सोळाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत आला. अरबीची कडी खरी असेल तर ती पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत कोणी नेली, कधी नेली आणि मधल्या भाषांत तिची रूपं कुठं दिसतात, हे तीन प्रश्न तिला विचारा.